ताजेभाऊंच्या घरचा बांगडा

मासळी बाजारात ताजेभाऊंचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक ओट्यापाशी आलं की ते बांगड्याचा कल्ला अंगठ्यानं उचलून आतला लाल रंग दाखवत आणि म्हणत, "बघा, ताजा. हात लावून बघा." इतक्या वर्षांत हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की शेजारच्या ओट्यावरची कोलंबीवाली मावशी त्यांच्या आधीच तोंडातल्या तोंडात ते वाक्य पुरं करी. हे नावही तिनंच पाडलेलं. "आमचे ताजेभाऊ," ती नव्या गिऱ्हाइकाला सांगायची, "शिळं बोलत नाहीत, शिळं विकत नाहीत."

ते खरंही होतं. ओटा वडिलांचा. शाळा अर्ध्यावर सुटली आणि गमबूट पायात चढले ते कायमचे. वडील हाताला कडक आणि धंद्याला चोख. त्यांचा एकच नियम होता: गिऱ्हाइकाला सकाळचा पहिला मासा, आणि घरी न्यायचा तो दिवस संपल्यावर उरलेला. पोट फुटलेला, शेपटी तुटलेली, हाताळून हाताळून मऊ पडलेला, जो कुणी घेत नाही तो आपला. तो खराब नसे, पण चांगलाही म्हणता येत नसे. वडील हे मोठ्या ताठ्यानं सांगत, की आम्ही चांगलं लोकांना देतो. ताजेभाऊंनी तो ताठा ओट्याबरोबरच घेतला आणि त्यात काही चुकीचं असेल असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही.

बायको धुलाईच्या कारखान्यात चादरी इस्त्री करायची. संध्याकाळी घरी यायची ती वाफेनं उकडून निघालेली. ओट्यावरून आलेले ते गळाठलेले बांगडे ती जाड पिठात घोळवायची आणि भरपूर तेलात कडक तळून काढायची. पीठ जाड असलं की वास दबतो आणि माशाचा आकारही टिकतो. तिचंही चुकत होतं असं नाही. त्या माशाचं दुसरं काही होण्यासारखं नव्हतं.

आणि चिमी. उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. जन्माला आली तेव्हा एवढीशी होती, की ही जगते की नाही अशी सगळ्यांना धास्ती. म्हणून तिला भरवायचं, हा त्या घराचा धर्मच झाला. ती एक घास जास्त जेवली की आईबापांना दिवस चांगला गेल्यासारखं वाटे. धास्ती गेली तरी भरवणं राहिलं. आता चिमी सहावीत होती. वर्गातल्या बाकावर तिच्याशेजारी दुसरी मुलगी जेमतेम मावायची. जिना चढताना तिला मध्येच थांबावं लागे, आणि थांबल्यावर ती बुटाची नाडी बांधायचं सोंग करी. तिच्या बुटांना नाड्या नव्हत्या, वेल्क्रो होतं, हे ताजेभाऊंच्या फार उशिरा लक्षात आलं.

शाळा सुटली की चिमी घराची किल्ली घ्यायला बाजारात यायची. ती फाटकातून आत शिरताना दिसली, की ताजेभाऊ डोळ्यांनी खूण करत: मागून ये. मग ती गटाराच्या कडेनं वळसा घालून ओट्याच्या मागं, बर्फाच्या पेट्यांपाशी जाऊन बसायची.

"तिथं थंड असतं," असं त्यांनी तिला पहिल्यांदा सांगितलं होतं. खरं कारण ओट्यावरच टांगलेलं होतं. रेडिओवर कुणा डॉक्टरांचं भाषण ऐकून त्यांनी एक पाटी रंगवून घेतली होती: 'वाढत्या मुलांना मासे द्या. वजन जास्त असेल तर नक्कीच द्या.' पाटीनं धंदा बरा चालला होता. तिच्याखाली चिमी उभी राहिली तर लोक पाटी बघतील, पोरीला बघतील आणि हसतील. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. स्वतःशीसुद्धा नाही. नुसते डोळे हलवायचे.

बँकेत काम करणाऱ्या एक बाई त्यांच्या नेमाच्या गिऱ्हाईक होत्या. त्यांचा मुलगाही चिमीच्याच शाळेत होता आणि अंगानं चिमीसारखाच.

"डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून दोन-तीनदा मटणाच्या जागी मासे द्या," बाई म्हणाल्या. "बांगडा, तारली, असले तेलकट. म्हटलं, आधीच पोरगं गोलमटोल, त्यात तेलकट?"

"ते तेल वेगळं हो बाई," ताजेभाऊ खुलले. "माशाचं तेल रक्ताला चांगलं. पण तळायचं नाही हं. तळलात की कढईतलं तेल पोटात जातं आणि माशाचा गुण राहतो बाजूला. आलं ठेचून लावा, वर लिंबू पिळा आणि वाफवा. भांड्यावर झाकण. बास."

"तुम्हाला बरं इतकं माहीत!"

"आमच्याही घरात मूल आहे ना," ताजेभाऊ म्हणाले. त्याच वेळी फाटकात चिमी दिसली आणि त्यांनी डोळे हलवले.

बाईंनी ही कीर्ती शाळेपर्यंत पोचवली. शाळेच्या दवाखान्यातल्या सिस्टर महिन्यातून एकदा वजन जास्त असलेल्या मुलांची आणि त्यांच्या आईबापांची बैठक घेत. त्या एक दिवस स्वतःच बाजारात आल्या.

"पुढच्या बैठकीला तुम्ही या. मासा कसा निवडायचा, कसा करायचा, चार शब्द सांगा. आमचं ऐकून लोक कंटाळलेत. आणि चिमी तुमचीच ना? मग तर सोन्याहून पिवळं."

मावशी कोलंबी सोलता सोलता म्हणाली, "जा की! इथं फुकट ओरडता, तिथं टाळ्या तरी मिळतील."

बैठक चित्रकलेच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. मुलं मागं, भिंतीला टेकून. ताजेभाऊंनी धुतलेला शर्ट घातला होता. हात साबणानं तीनतीनदा घासले होते तरी वास होताच. त्यांच्यासमोर टेबलावर बर्फाच्या पेटीत सकाळचे उत्तम बांगडे होते, खास निवडून आणलेले.

आधी सिस्टर बोलल्या. मासे खाल्ले म्हणून कुणी बारीक होत नाही, जादू नाही ती, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं. पण मटण, सॉसेज, तळकट यांच्या जागी मासे आले, तर वजन जास्त असलेल्या मुलांच्या रक्तातली चरबी आणि रक्तदाब आटोक्यात राहायला मदत होते. यकृतावर चरबी चढते तिथंही फायदा होऊ शकतो. "मात्र माशाच्या जोडीला बाकीचं खाणं आणि खेळणंही सुधारायला हवं," त्या म्हणाल्या. "आणि करायची रीत महत्त्वाची. ती आता हे सांगतील."

ताजेभाऊ उभे राहिले. सुरुवातीला आवाज फुटेना. मग त्यांनी बांगडा हातात घेतला आणि सगळं आपोआप जुळून आलं. कल्ला, डोळा, बोटानं दाबल्यावर परत वर येणारं मांस. लोक खुर्च्या पुढं सरकवून बघू लागले. एका आजोबांनी वास घेतला आणि ते म्हणाले, "हा तर समुद्रासारखा वास येतोय, माशासारखा नाही." सगळे हसले. ताजेभाऊंचं आयुष्यात कुणी इतका वेळ, इतकं मन लावून ऐकलं नव्हतं.

"तुमच्या घरी कसे करता?" मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारलं.

साधा प्रश्न. 'उरलेले नेतो आणि तळतो' एवढंच उत्तर. पण हातात तो झळझळीत बांगडा होता आणि एवढी माणसं तोंडाकडे बघत होती.

"घरी? वाफवून," ते म्हणाले. "आठवड्यातून तीनदा. असाच, सकाळचा. पोरीसाठी आधी काढून ठेवतो, मग दुकान मांडतो." आणि एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण जीभ घसरली ती घसरलीच. "खोटं वाटत असेल तर विचारा आमच्या चिमीला. काय गं?"

सगळ्यांच्या माना मागं वळल्या. चिमी भिंतीला टेकून बसली होती. तिनं बापाकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण ताजेभाऊंना तो फार वाटला.

"हो," ती म्हणाली. "वाफवलेला. आलं लावून. वर लिंबू. भांड्यावर झाकण."

एकेक शब्द त्यांचाच होता. बर्फाच्या पेट्यांमागं बसून तिनं तो किती वेळा ऐकला असेल.

तेवढ्यात पुढं बसलेल्या एका बसड्रायव्हरनं, माणूस मनानं वाईट नव्हता, नुसता गमतीत म्हटलं, "मग पाणी मुरतंय कुठं?"

दोघं-तिघं हसले. पण गंमत झाली तरी प्रश्न खराच होता. लोक चिमीकडून ताजेभाऊंकडे बघू लागले. घरी असं सगळं आदर्श, तर मग ही मुलगी अशी का? ताजेभाऊंच्या हातातला बांगडा घसरायला लागला.

"मी बन खाते," चिमी म्हणाली. "कॅन्टीनमधले. क्रीमचे. कुणाला न सांगता."

सिस्टर तिच्यापाशी गेल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, किती प्रामाणिकपणे सांगितलं. असं सगळ्यांसमोर बोलायला धीर लागतो. शाब्बास, चिमी." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. हातात मासा होता म्हणून ताजेभाऊंना वाजवता आल्या नाहीत, एवढीच काय ती देवाची दया.

घरी जाताना दोघं रस्त्याच्या कडेनं चालले होते. पेटीतलं वितळलेलं पाणी ताजेभाऊंच्या बुटावर ठिबकत होतं. काहीतरी बोलावं म्हणून ते शब्द जुळवत होते.

"बाबा," चिमीच म्हणाली, "तुमचं भाषण छान झालं. सगळे ऐकत होते."

धरणीनं पोटात घ्यावं असं माणूस म्हणतो ते कशाला, हे ताजेभाऊंना तेव्हा कळलं. पण बोलले ते एवढंच: "हो का? बरं झालं." आणि उरलेला रस्ता ते हवापाण्यावर बोलत राहिले.

त्या संध्याकाळी ताटात नेहमीचाच तळलेला बांगडा होता. चिमी वरचं कुरकुरीत पीठ सोलून खात होती आणि आतला मासा ताटाच्या कडेला सारत होती. ती रोज असंच जेवत असणार. रोज मासे खाणाऱ्या घरात मुलीच्या पोटात मासा जातच नव्हता. जात होतं ते पीठ आणि तेल. बापानं हे आज पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी माल उतरला तसे त्यांनी दोन चांगले बांगडे बाजूला काढून बर्फाखाली ठेवले. दुपारी खानावळीचा आचारी आला. "ते खालचे द्या की. का लपवून ठेवलेत? सासुरवाडीला पाठवायचेत?" ताजेभाऊंचा हात खाली गेला, मासे वर आले, कागदात बांधले गेले आणि आचारी निघूनही गेला. नाही म्हणायची जिभेला सवयच नव्हती. त्या दिवशीही घरी उरलेलाच गेला.

पुढं दोन दिवसांनी मात्र त्यांनी मासे ओट्यावर आणलेच नाहीत. सकाळीच कागदात गुंडाळून, बर्फ घालून डब्यात ठेवले. मावशीची नजर होतीच.

"काय हो, आज घरी कुणी मोठा पाहुणा?"

"नाही. घरीच."

"घरी? सकाळचा?" मावशीनं कोलंबी खाली ठेवली. "तुमचे वडील वरून बघतायत हं!"

"बघू देत," ताजेभाऊ म्हणाले. पण वर बघायचं धैर्य काही झालं नाही.

बायकोनं कागद उघडला आणि क्षणभर बघतच राहिली.

"अहो, हा चुकून आणलात की काय?"

"वाफव," ते म्हणाले. "आलं-लिंबू लावून."

"मला वाफवता येत नाही असं वाटलं का तुम्हाला? इतकी वर्षं तुम्ही आणता ते वाफवलं असतं तर घर सोडून पळाला असता. तळायचं कुणी शिकवलं मला? तुमच्या बांगड्यांनीच."

बैठकीत काय झालं ते ताजेभाऊंनी तिला सांगितलं नाही. चिमी जेवायला बसली आणि ताटाकडे बघून म्हणाली, "आज कुणाचा वाढदिवस आहे?"

तेव्हापासून आठवड्यात दोनदा-तीनदा घरी चांगला मासा यायला लागला. चिमी खायची. तक्रार करायची नाही. ताजेभाऊंना वाटलं, चला, जे खोटं बोललो ते आता खरं झालं, हिशेब मिटला. किल्ली घ्यायला आली तेव्हा त्यांनी तिला एकदा डोळ्यांऐवजी हातानंच बोलावलं. "ये, इथं पुढं उभी राहा. माझ्याजवळ."

"नको बाबा," ती सहज म्हणाली. "मागं थंड असतं." आणि वळसा घालून गेली.

पुढच्या बैठकीला ताजेभाऊ गेले नाहीत. माल उशिरा आला, असं कारण सांगितलं. चिमी एकटीच जाऊन आली. "काय झालं तिथं?" त्यांनी विचारलं. "काही नाही, वजन घेतलं," ती म्हणाली.

काय झालं ते त्यांना त्याच आठवड्यात बँकेच्या बाईंकडून कळलं. बाई मोठ्या खुशीत होत्या.

"अहो, तुमची रीत आमच्याकडे रुजली बरं का! मुलगा वाफवलेला बांगडा मिटक्या मारत खातो. रक्ताचा रिपोर्टही बरा आला. डॉक्टर म्हणाले, खाणं सुधारलं, फिरणं वाढलं, सगळ्याचा हातभार आहे, असंच चालू ठेवा." मग त्या जरा वाकल्या आणि आवाज उतरवला. "आणि तुमच्या चिमीची काळजी करू नका. मी स्वतः कॅन्टीनवाल्या बाईला सांगून ठेवलंय, या मुलीला बन द्यायचा नाही म्हणून. वर्गशिक्षिकाही आता तिचं दप्तर बघतात रोज. मुलं चिडवतात थोडी, बनवाली बनवाली म्हणून. आमच्याला मी दटावलंय हं. पण त्या निमित्तानं सुटेल तिची सवय. घरी तुम्ही इतकं करता, तर बाहेर आपण सगळ्यांनी लक्ष ठेवायला नको का?"

ताजेभाऊंच्या हातात सुरी होती. बांगड्याचं पोट चिरलेलं, आत बोटं गेलेली. ती तशीच राहिली.

"किती झाले?" बाईंनी विचारलं.

त्यांनी आकडा सांगितला. काय सांगितला ते त्यांना कळलं नाही. मावशीनं नंतर सांगितलं की अर्ध्याच किमतीत दिलात.

त्या दिवशी चिमी आली तेव्हा ते ओटा सोडून मागं गेले आणि बर्फाच्या पेटीवर तिच्याशेजारी बसले. खाली बसणारा माणूस नव्हे हा. मावशीनं दोन्ही ओट्यांकडे बघायला सुरुवात केली आणि एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

"दप्तर बघतात तुझं?"

चिमीनं मान हलवली.

"रोज बघतात?"

"बघतात आणि बंद करतात. काही नसतंच त्यात."

"मला का नाही सांगितलंस?"

"असू दे ना, बाबा."

"आणि तू ते बनचं का बोललीस? खातेस का तू?"

"एकदा खाल्ला होता. वाढदिवसाला वाटले होते तेव्हा." तिनं बर्फाचा एक तुकडा उचलला आणि या हातातून त्या हातात घेत राहिली. "सगळे तुमच्याकडे बघायला लागले होते. तुमचा चेहरा कसातरी झाला होता. मग मला वाटलं, मी काहीतरी बोलले की ते माझ्याकडे बघतील." आणि मग, जणू बापाचीच समजूत घालायची आहे अशा सुरात, "माझ्याकडे तसंही बघतातच. मला सवय आहे."

बर्फ वितळून तिच्या मनगटावरून ओघळ गेला. ताजेभाऊंनी एप्रनच्या टोकानं तो पुसला. एप्रन माशाच्या रक्तानं भरलेलं होतं, तिच्या हाताला डाग लागला, तोही त्यांनी पुसायला घेतला आणि आणखीच पसरवला.

"राहू दे बाबा," चिमी म्हणाली. "घरी जाऊन धुते."

पुढची बैठक आली. ताजेभाऊ धुतलेला शर्ट न घालता, ओट्यावरूनच गेले. पेटी नाही, बर्फ नाही, रिकाम्या हातानं. बायकोला त्यांनी आदल्या दिवशी सगळं सांगितलं होतं. तिनं इस्त्रीनं भाजलेली बोटं कपाळाला लावली. मग म्हणाली, "जा आणि सांगून या. मी तळते हेही सांगा. ते लपवलंत तर मला चालायचं नाही."

तोच चित्रकलेचा वर्ग. त्याच बुटक्या खुर्च्या. सिस्टर त्यांना बघून खूश झाल्या. "या! आज काय शिकवणार?"

"शिकवायला नाही आलो," ते उभ्याउभ्याच म्हणाले. बसले असते तर पुन्हा उठवलं नसतं. "माझी मुलगी चोरून काही खात नाही. हे सांगायला आलोय."

कुणाला काही कळलं नाही. बँकेच्या बाई म्हणाल्या, "अहो, मुलं करतात असं. त्यात लाजण्यासारखं काय?"

"ती करत नाही, बाई. मी केलं." मग ते वाकडंतिकडं, मागचं पुढं करत बोलत राहिले. घरी न्यायचे ते उरलेले मासे, जाड पीठ, तेल. चिमी त्यातलं पीठच कसं खायची. सगळ्यांसमोर आपण कशी बढाई मारली, तिलाच कसं साक्षीला ओढलं. आणि ती खोटं बोलली ते बापाची लाज राखायला. बोलताना ते मुलांच्या चित्रांकडे बघत होते. भिंतीवर कुणीतरी निळ्या रंगाचा हत्ती काढला होता. "तिचं दप्तर बघू नका आता," शेवटी ते म्हणाले. "बघायचं तर माझं ताट बघा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बसड्रायव्हर आपल्या पंजांकडे बघत होता. बँकेच्या बाईंचा चेहरा आक्रसला.

"म्हणजे तुम्ही आम्हाला जे सांगितलंत, ते सगळं खोटं?"

"नाही बाई. ते सगळं खरं होतं. फक्त माझ्या घरी होत नव्हतं."

"आणि मी त्या कॅन्टीनवालीला..." बाई बोलता बोलता थांबल्या. त्यांनी मागं वळून चिमीकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले. आपली लाज आपण दुसऱ्याच्या डोक्यावर कशी ठेवतो आणि ती पुढं तिसऱ्याच्या डोक्यावर कशी जाते, हे बघून ताजेभाऊ आणखीच खचले. सांगितलं की ओझं उतरेल अशी त्यांची समजूत होती. उतरलं काहीच नाही. उलट इतके दिवस एकट्याचं होतं, ते आता सगळ्यांना दिसत होतं.

सिस्टर उठून मागं गेल्या. "चिमी, मी चुकले. तुझी मी उगाच झडती घ्यायला लावली. उद्यापासून कुणी दप्तर उघडणार नाही, मी स्वतः सांगेन." मग जरा थांबून म्हणाल्या, "आता तूच सांग, घरी काय चाललंय. मासे आवडतात का तुला?"

चिमीनं बापाकडे पाहिलं. आधीच्या वेळेसारखंच.

"सांग," ताजेभाऊ म्हणाले. "जे असेल ते सांग. माझ्याकडे बघू नकोस."

"खरं सांगू?" चिमी म्हणाली. "फारसे नाही आवडत." वर्गात एक हसू फुटलं, पण ती थांबली नाही. बांध फुटल्यासारखी बोलत सुटली. "वाफवलेला बरा लागतो, तळलेल्यापेक्षा बराच. पण आई आलं फार घालते, जीभ चुरचुरते. आणि डोक्यासकट ठेवतात, तो मला बघत असतो. आणि बांगडाच का रोज? दुसरे मासे नाहीत का बाजारात? आणि बाबा ना, समोर बसून बघत बसतात. घास घेतला की विचारतात, कसा झालाय? दुसरा घेतला की परत, कसा झालाय? मग खाल्लंच जात नाही."

आता सगळेच मोकळे हसले. बसड्रायव्हरचा मुलगा ओरडला, "आमचे पण असंच करतात!" आणि बसड्रायव्हरनं कपाळावर हात मारला. ताजेभाऊ मात्र हसू शकले नाहीत. इतक्या दिवसांत आपण तिला हा साधा प्रश्न एकदाही विचारला नव्हता, कसा झालाय एवढंच विचारत राहिलो, हे त्यांच्या मनात रुतत होतं. तिचा आवाज मात्र ते ऐकत होते. घरी ती इतकं सलग कधी बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"डोकं कापून टाकायचं, आलं कमी करायचं, मासा बदलायचा," सिस्टरनी बोटांवर मोजलं. "आणि ताजेभाऊ, ती जेवताना तुम्ही तिच्याकडे बघत बसायचं नाही. कबूल?"

"कबूल," ताजेभाऊ म्हणाले. "नाही बघणार."

आणि हे म्हणतानाही ते तिच्याकडेच बघत होते.